गोदाबाईचं माप

परवा एक सूनबाई दुकानात आली. बांगड्यांच्या तीन-चार माळा काढायला लावल्या, उजेडात नेऊन रंग पाहिले, पैसे दिले आणि म्हणाली, कागदात बांधून द्या. मी म्हटलं, "अवं बाई, हात तर दे." तर म्हणते कशी, "नको काका, घरी जाऊन घालते. सैलच आहेत." आणि गेली निघून. मी आपला हात पुढे करून तसाच बसलेला. साठी उलटलेला कासार, भर बाजारात हात पसरून बसला म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यानं काय समजावं? शेजारचा शिंपी पोट धरून हसला. हस बाप्पा, म्हटलं. लोक शिवलेले कपडे पेटीतून विकत घ्यायला लागतील तेव्हा मीही हसेन.

त्या दिवशी ठरवलं, की हे सगळं लिहून ठेवायचं. नाहीतर बांगड्या विकणं आणि बांगड्या भरणं यात काय फरक होता, हे सांगणारा माणूस कारंजा गावात उरायचा नाही.

विकतो तो दुकानदार. भरतो तो कासार. आमच्या वऱ्हाडात परक्या माणसाची चाहूल लागली की पदर हनुवटीपर्यंत ओढून घेणारी बाई कासारापुढे मात्र बिनधास्त हात टाकून बसायची, कारण कासार हा माहेरचा माणूस. बांगड्या भरून झाल्या की ती वाकून नमस्कार करणार आणि मी हिशेबावर एक बांगडी जास्तीची घालणार. ती आशीर्वादाची. तिचे पैसे घ्यायचे नसतात. बांगडी पिचली तर "फुटली" म्हणायचं नाही, "वाढवली" म्हणायचं. एवढं शिकायला माझ्या बापानं मला पुरता एक पावसाळा घरात बसवलं होतं.

मूर्तिजापूरहून छोट्या आगगाडीनं माल यायचा. माळा खांद्यावर टाकून मी शेलूबाजारच्या बाजाराला जायचो, आणि मधल्या दिवसांत कामरगावकडची खेडी करायचो. पुढे तट्टू घेतलं, पण ते माझ्यापेक्षा म्हातारं निघालं. अर्ध्या वाटेत मीच त्याला ओढायचो.

तोंडं मला फारशी आठवत नाहीत. पदरच एवढा पुढे, की तोंड दिसणार कुठून? मला हात आठवतात. पोरगी चार-पाच वर्षांची असताना तिच्या मनगटावर पहिली बांगडी मी चढवायचो आणि ती गावभर दाखवत पळायची. मग लग्नाचा चुडा. मग डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या, तेव्हा हात जरा सुजलेला असायचा. मग कपाशी वेचून वेचून बोटांचे शेंडे फाटायचे, जात्याच्या खुंट्यानं तळहाताला घट्टे पडायचे, आणि एक दिवस लक्षात यायचं की या बाईला आता मोठं माप लागतं. हे तिला सांगणं म्हणजे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. बाईला तिचं वय सांगितलेलं एक वेळ चालेल, माप वाढलेलं चालायचं नाही. मी मोठी बांगडी काढून, जुनंच माप म्हणून खुशाल चढवायचो. तीही समजायची आणि मीही समजायचो, आणि दोघं बाजारभावावर बोलायचो.

कारण त्या काळी बाईचं सौंदर्य मापात असायचं. बांगडी जेवढी लहान, तेवढा हात नाजूक, तेवढी बाई देखणी. मनगटावर ती घट्ट बसली पाहिजे, हलता कामा नये, सैल बांगडी म्हणजे गबाळेपणा. मुलगी पाहायला बायका जायच्या नाहीत, पुरुष जायचे, आणि पुरुषांना काय दिसणार? म्हणून मुलीच्या घरून चुड्यासाठी मापाची बांगडी यायची, तीच सासूबाई हातात फिरवून फिरवून पाहायची. मुलीचं रूप तिनं त्या वेढ्यातून ताडायचं. कितीतरी सोयरिकी मी अशा एका बांगडीवर पक्क्या होताना पाहिल्या.

यात लबाड्याही चालत. एका आईनं थोरलीच्या लग्नासाठी धाकटीच्या मापाची बांगडी पाठवली. सासू खूश! नातेवाइकांत बांगडी मिरवली. चुड्याच्या दिवशी मी नवरीचा हात हातात घेतला आणि ओळखलं की घोळ आहे. चांगला भरीव, कामाचा हात. आई माझ्याकडे पाहत होती, सासू माझ्याकडे पाहत होती. मी कसलेला गडी. म्हटलं, "पोरीनं हळद लावून घेतली की हात फुगतेच बाप्पा," आणि पेटीच्या तळातून मोठा चुडा काढला. पोरगी घुंगटात खुदकन हसली. आज ती पाच लेकरांची माय आहे, आणि हळदीनं हात फुगतो हे तिची सासू मरेपर्यंत दहा जणींना सांगत होती.

पण माप म्हटलं की साऱ्या कामरगावात नाव एकच निघायचं, गोदाबाईचं.

गोदाबाई शेलूबाजारकडची लेक. तिच्या मापाची बांगडी माझ्याच बापानं कामरगावला नेली होती. ती पाहून तिच्या सासूनं, मुलगी काळी की गोरी हेही न विचारता होकार दिला. गोदाबाई पोरवयात सासरी आली, वाढली, दोन लेक झाले, पण हात वाढायचं नाव घेईना. सासूनं ती मापाची बांगडी चुलीजवळच्या खुंटीला टांगून ठेवली होती. गावातल्या सुना, लेकी येता-जाता ती हातात घालून पाहायच्या. कोणाची अंगठ्याशी अडायची, कोणाची बोटांतच. मग गोदाबाई पदराआड हसायची. बापामागून ती गावं माझ्याकडे आली तेव्हा दर संक्रांतीला मी तिला तेच माप भरायचो, आणि भरताना बाया गोळा होऊन पाहायच्या. मीही मिरवून घ्यायचो, खोटं कशाला बोलू?

तिचा नवरा महादेवजी. उंच, हाडापेरानं मोठा, आणि बोलण्यात इतका कंजूष की बाजारात सौदासुद्धा मान हलवून करायचा. आठ-दहा एकराचं वावर, दोन बैल, तो आणि त्याचं काम. बायकोशी चारचौघांत बोललेला त्याला कोणी पाहिलेला नव्हता. तशी रीतच नव्हती म्हणा.

वर्षं गेली आणि गोदाबाईचा हातही इतर हातांसारखाच व्हायला लागला. फरक एवढाच, की ती मानायला तयार नव्हती. मी साबण लावायचो, तेल लावायचो. ती डोळे मिटून, ओठ दाबून बसायची. कळ डोक्यात जायची तिच्या. एका संक्रांतीला मी आपलं नेहमीचं कसब करायला गेलो, मोठी बांगडी हळूच माळेतून काढली. इतर बाया समजून घ्यायच्या, हिनं माझ्या हातातून ती हिसकून घेतली.

"भाऊ, मले म्हतारी समजून राह्यले काय?"

"नाही अक्का, हे तुमचंच माप."

"माहं माप मले सांगता? दुसरी काढा!"

काढली. भरली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण जिंकल्यासारखी हसली.

मग दुसऱ्या महायुद्धाचे दिवस आले. चांगला माल मिळेना आणि जगही पार बदललं. पोरी शाळेत जाऊ लागल्या. एकेकाळी गोंदण दिसावं म्हणून बाया बांगड्या कोपराकडे सरकवायच्या. आता एक नवी सून आली आणि म्हणाली, भाऊ, गोंदण झाकेल अशा भरा, आमच्या घरी शहरात शिकलेले आहेत, त्यांना आवडत नाही. अंगानं भरलेली मुलगी म्हणजे खात्यापित्या घरची, असं होतं. आता काडीसारखी पोरगी नाजूक ठरू लागली. तोंडाला पावडर आली. सोयरीक ठरवायला मापाची बांगडी कोणी मागेना, फोटो मागू लागले. आणि घट्ट बांगडी? ती तर पार गावंढळ ठरली. चार-चार बांगड्या, त्याही सैल, खुळखुळणाऱ्या! मी मनात म्हणायचो, अरे ह्या बांगड्या आहेत का बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा! पण गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं.

त्याच सुमारास गोदाबाईला तापानं धरलं. सांधे धरले, हात सुजून टम्म झाले, बांगड्या मनगटात रुतल्या. तिच्या लेकानं बैलगाडी पाठवून मला बोलावलं. बोटं काळीनिळी पडायला लागली होती. मी चिमट्यानं एकेक बांगडी वाढवली आणि तिच्या दोन्ही मनगटांना हळदीचा दोरा बांधला. नवरा जिवंत असताना हात बुच्चे, म्हणजे मोकळे, ठेवत नाहीत, म्हणून ही तात्पुरती सोय. ती तापात होती, तरी प्रत्येक बांगडीच्या आवाजाला हात मागे ओढून घेत होती. मला फार वाईट वाटलं. तीस वर्षं त्या हातांत मीच भरत आलो होतो.

ताप उतरला, सूज उतरली, पण सांध्यांच्या गाठी तशाच राहिल्या. बोटं वाकडी झाली. मी मोठं माप घेऊन गेलो, तिनं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"राहू द्या भाऊ. दोराच बरा हाये."

"अक्का, असं काय करता? सवाशीण बाई तुमी."

मग ती जे बोलली ते मी अजून विसरलो नाही. घरात कोणी नव्हतं. पदराखाली हात झाकून म्हणाली, "भाऊ, मले रूप काई नव्हतं. रंगानं काळी, दात पुढं. एक हातच होता माहा. त्याच्यावरच या घरात आली मी. आता तो बी गेला. हे वाकडेतिकडे हात कोनापुढं करू? ते मोठं बांगडं घालून साऱ्या गावाले दाखवू का, पाहा बाप्पा गोदी कशी झाली?"

मी माळा गुंडाळून उठलो.

तिनं हळदीकुंकवाला जाणं सोडलं. विहिरीवर जायची ती भर दुपारी, जेव्हा कोणी नसेल. आणि अशात तिच्या नातीचं लग्न ठरलं. सुमन, थोरल्या लेकाची पोरगी, सातवी शिकलेली, आजीच्या अंगाखांद्यावर वाढलेली. चुड्याच्या दिवशी नवरीची ओटी घरातल्या मोठ्या सवाशिणीनं भरायची, तो मान गोदाबाईचा. आणि गोदाबाई म्हणाली, माझ्या हातात चुडा नाही, दोऱ्याच्या हातानं मी ओटी भरणार नाही, अपशकून होईल. मी मांडवातच येत नाही.

सुमननं आपल्या परीनं समजूत घातली. म्हणाली, "आजी, मोठ्या घाल ना. आता घट्ट बांगड्या कोनी घालतच नाही. हाताले वळ पडते, वाईट दिसते."

पोरगी मायेनं बोलली, पण म्हातारीच्या वर्मी लागलं. ज्या मापासाठी तिनं अर्धा जन्म कळ सोसली, ते माप आता वाईट दिसतं म्हणे! त्या दिवशी ती जेवली नाही. सुमनही हट्टाची. म्हणाली, आजी ओटी भरणार नसेल तर मी चुडाच भरणार नाही, तसंच लग्न लावा. घरात रडारड. हे सगळं मला सुमनच्या बापानं सांगितलं, कारंजात लग्नाचा बस्ता, म्हणजे कापड, फाडायला आला होता तेव्हा.

त्याच दिवशी दुपारी दुकानाच्या दारात सावली पडली. पाहतो तर महादेवजी. कापडाच्या दुकानातून सगळ्यांची नजर चुकवून आला होता. बसला. पाणी प्यायला. टोपी काढली, पुन्हा घातली.

"कासारभाऊ," शेवटी म्हणाला, "बांगडी भरतानी तो हात कसा दाबते?"

"कोणाचा हात?"

"आता कोनाचा असन!" चिडलाच एकदम. मग आवाज खाली आणून म्हणाला, "दुखते तिले. कोनाले हात लावू देत नाही. अन् तुमच्यापुढं त जास्तच लाजते, तुमाले तिचं जुनं माप मालूम हाये ना. म्हनून म्हटलं, मीच भरतो."

मी गार पडलो. बायकोच्या हातात बांगड्या भरणारा नवरा आमच्या मुलखात मी ऐकलाही नव्हता. लोक जन्मभर चिडवतील. पण तो वाट पाहत बसला होता. मी दार अर्धं लोटलं आणि माझा हात त्याच्यापुढे केला.

"अंगठा आत घ्या. तळव्यात. आता बोटं जुळवा. हळू! हळू महादेवजी, वखर नाही धरला."

त्यानं माझा हात बैलाच्या शिंगासारखा पकडला होता. पहिल्या तीन बांगड्या तिथल्या तिथे वाढवल्या गेल्या. माझं मनगट खरचटलं. मी म्हटलं, जोर लावायचाच नाही, जिथं हाड नमतं तिथून बांगडी तिरकी काढायची. हळूहळू जमायला लागलं. घामाघूम झाला बिचारा.

"आता शेवटची गोष्ट," मी म्हटलं, "भरताना बोलत राहायचं. बाई धास्तावली की हात आखडते. बोलण्यात गुंतली की ढिला सोडते. तो ढिला पडला की सरकवायची."

"बोलाचं?" त्याचा चेहरा पडला. "काय बोलाचं?"

"काहीही. तुमची बायको आहे."

त्यानं पेटीतली एक बांगडी उचलली, परत ठेवली. "चाळीस वर्सं झाली संसाराले," म्हणाला, "बोलाचं असं काई कामच नाही पडलं बाप्पा."

"मग आता पडलं."

चुड्याच्या दिवशी मी कामरगावला पोचलो तेव्हा मांडव बायांनी भरला होता. सुमन रुसून बसलेली, आत गोदाबाई कोठीच्या खोलीत. मी सतरंजीवर पेटी उघडली, तोच महादेवजी आला आणि माझ्या शेजारी येऊन बसला. बायांत पुरुष! कुजबुज थांबली. तो सुमनला म्हणाला, "आजीले बोलाव. म्हन, म्या बोलावलं."

नवऱ्यानं बोलावलं म्हणून ती आली. पदर पुढे, हात पदराखाली. त्यानं मोठ्या मापाची हिरवी बांगडी पेटीतून उचलली.

"हात दे."

"अवो!" ती मागे सरकली. "अवो, लोकं पाहून राह्यले ना!"

"पाहू दे. बस."

बायांनी तोंडात पदर कोंबले. गोदाबाई बसली. त्यानं तिचा हात ओढून घेतला, अंगठा तळव्यात दाबला. हात लाकडासारखा ताठ. मला दिसत होतं, असं जमणार नाही. मी डोळ्यानं खुणावलं, बोला.

महादेवजीनं घसा खाकरला. "पांढऱ्या बैलाचा खूर बरा हाये आता," म्हणाला.

मांडवात हशा पिकला. गोदाबाई शरमेनं मेली. तो लालबुंद झाला, पण हात सोडला नाही. गाठीवर अंगठा फिरवत राहिला. मग बोलायला लागला, मान खाली घालून, त्या हाताशीच बोलावं तसं.

"लहान हात, लहान हात, सारं गाव सांगते. मले माहीतच नाही तो. मायनं पाह्यला. गावातल्या बायायनं पाह्यला. या कासारभाऊनं दरसाली पाह्यला. मले कोनं पाहू देल्ला? दिवसा तुह्याकडं पाह्याची सोय नव्हती घरात. रातच्याले दिवा नव्हता."

आता कोणी हसत नव्हतं.

"माय गेली, तव्हापासून तू माह्यापुढं ताट ठेवाले लागली. तव्हा पाह्यला मी हात. तव्हाच तो असा होता, भेगायचा, गाठीचा. पुढं वाकला, तो बी पाह्यला. मले हाच मालूम हाये. हा माहा हाये. लहान हात त्यायचा होता, त्यायनं तो पाह्यला अन् झालं. तू कायले रडतं त्याच्यासाठी? मले हाच आवडते."

मी त्या हाताकडे पाहत होतो, कासारच ना मी. बोटं हळूहळू सैल पडली. महादेवजीच्याही ते लक्षात आलं. त्यानं बांगडी तिरकी केली, गाठीवरून अलगद उतरवली, आणि ती मनगटावर जाऊन बसली. मग दुसरी. मग तिसरी. एकही वाढवली नाही. माझ्या बापानं पाहिलं असतं तर त्याला दुकानात ठेवून घेतलं असतं.

सुमन रडत होती, तिची माय रडत होती, माझंही काही वेगळं नव्हतं. पुढे आजीनंच नातीची ओटी भरली. पण त्याआधी, पहिला हात भरून झाला तेव्हा, गोदाबाईचा पदर डोक्यावरून खाली आला होता, तो तिनं सावरला नाही. इतक्या माणसांत नवऱ्याच्या तोंडाकडे तिनं सरळ पाहिलं. मग दुसरा हात आपणहून पदराबाहेर काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

"आता ह्याच्यासाठी बी बोला ना काई," म्हणाली.